भिवा मेस्त्र्यांची गेमची पेटी

संध्याकाळी वाडीतले दिवे मंदावले की कोणीतरी अंगणातून ओरडायचंच, "मेस्त्र्यान पेटी लावल्यान!" खरं म्हणजे त्या पेटीला घरच्या टीव्हीपेक्षा जास्त वीज लागत नव्हती. पण भारनियमनाचे ते दिवस, आणि माणसाला दोष द्यायला जवळचं कोणीतरी लागतं. भिवा मेस्त्री सगळ्यांना जवळचे होते. शिवाय साठी उलटलेला, होड्या बांधण्यात हयात गेलेला माणूस पोरांच्या खेळाची पेटी घरात आणून बसवतो म्हटल्यावर त्याच्या माथ्यावर काहीही मारायला लोक मोकळेच असतात.

मी त्यांची शेजारीण. मालवणच्या पोस्टात काउंटरवर बसायचे. सकाळची एस्टी, दिवसभर शिक्के, संध्याकाळची एस्टी, घरी आजारी आई. बदली कधी होते याची वाट बघायची आणि झाली तर आईचं काय करायचं याची काळजी करायची, असा माझा दिनक्रम होता. आमच्या मागच्या दारातून मेस्त्र्यांचा मांगर दिसायचा. मांगर म्हणजे त्यांच्या कामाची नारळाच्या झापांनी शाकारलेली शेड. चहाचा कप घेऊन दारात बसलं की समोर मेस्त्री तासत बसलेले. त्या माणसाकडे मी वीस वर्षं अशीच कप हातात घेऊन बघत होते.

अंगाने काटक, कानावर पेन्सिल, आणि ओठ कायम घट्ट मिटलेले. होडीच्या फळ्यांना तांब्याचे खिळे मारताना चार-पाच खिळे ओठांत धरून ठेवायची त्यांना सवय होती. तोंडात खिळे असताना बोलता येत नाही, त्यामुळे मेस्त्री तोंडाच्या कोपऱ्यातून, लागेल तेवढंच बोलायचे. पुढे पुढे खिळे नसले तरी तसंच. लाकूड विकत घेताना ते आधी त्याचा वास घेत, मग बोटाच्या पेराने टकटक करत, मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. टेप त्यांनी कधी वापरली नाही. वीत, चार बोटं, दोन बोटं. फळ्यांमधला सांधा कापसाच्या दोऱ्याने भरायचा, वर राळ, वर उंडीचं तेल. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "फट म्हणजे पाणी." दाराला फट दिसली तरी हा माणूस अस्वस्थ व्हायचा. आमच्या घरी सत्यनारायणाला आले तेव्हा प्रसाद घेण्याआधी त्यांनी माजघराच्या खिडकीची फट बुजवली होती.

आणि एक होतं. काम पुरं झालं असं ते कधी म्हणायचे नाहीत. होडी तेल पिऊन चकचकीत उभी असायची, मालक नारळ घेऊन यायचा, विचारायचा, "मेस्त्रीनू, झाला?" मेस्त्री तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "सध्या रव्हांदे." असू दे सध्या. त्यांच्या हातच्या होड्या वीस-वीस वर्षं समुद्रात गेल्या, त्या सगळ्या सध्यापुरत्याच होत्या.

असा हा मुका माणूस. पण गाऱ्हाणं घालायचं झालं की वाडीला दुसरं कोणी चालत नसे. आमच्याकडे काहीही शुभ असलं की एका जाणत्याने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय महाराजा" म्हणून साथ द्यायची. मेस्त्री हात जोडून "बा देवा महाराजा" म्हणाले की त्यांचा आवाज कुठून यायचा देव जाणे. कोणाची म्हैस दूध देत नसेल, कोणाचा मुंबईचा मुलगा नोकरीवाचून बसला असेल, कोणाची सून माहेरी जाऊन राहिली असेल, सगळं ते देवाच्या कानावर घालायचे. नाव न घेता, पण सगळ्यांना बरोबर कळेल असं. लोक डोळे पुसायचे. त्यांची बायको, आमची काकी, मागे उभी राहून माझ्या कानात पुटपुटायची, "देवापुढे तोंड उघडता. घरात तोंडात खिळे."

मेस्त्र्यांच्या तोंडून जाऊ नये तो शब्द गेला, ती गोष्ट १९९८ सालची. नारळी पौर्णिमा उलटली होती. एका होडीचा दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात घालायचा मुहूर्त होता आणि शेवटच्या फळीला खिळे कमी पडले. मेस्त्र्यांनी मुलाला, दिगूला, बाजारात पिटाळलं. दिगू दहावीत. त्या वेळी एस्टी स्टँडसमोर एका काळोख्या खोलीत व्हिडिओ गेमच्या तीन पेट्या असायच्या. दाराला पडदा, आत पोरांची गर्दी आणि टुंईटुंई आवाज. दुपारी गेलेला दिगू संध्याकाळ झाली तरी परतला नाही, तेव्हा मेस्त्री कामावरून उठून तसेच, खांद्यावरच्या, लाकूड तासायच्या वाकसासकट बाजारात आले.

मी स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते. मेस्त्री पडदा बाजूला सारून आत गेले आणि दिगूची मानगूट धरून बाहेर आले. येताना त्यांनी वाकसाची मागची बाजू भिंतीकडच्या पेटीला अशी हाणली, की आवाज स्टँडपर्यंत आला. दुकानाचा मालक धावत बाहेर आला. "अरे, पेटी फुटात! मेस्त्रीनू, झील काय तुमचो?" झील म्हणजे मुलगा.

"न्हय," मेस्त्री म्हणाले. "माझो झील न्हय ह्यो. माझो झील असो नसतो."

तोंडाच्या कोपऱ्यातून नव्हे, गाऱ्हाण्याच्या आवाजात. स्टँडवरचं झाडून सगळं माणूस बघत होतं. दिगू रडला नाही. खिळ्यांची पुडी त्याच्या मुठीत होती, ती त्याने बापाच्या पायाशी ठेवली आणि चालत वाडीच्या वाटेला लागला. मी पिशवीत तोंड घालून सुटे पैसे शोधल्यासारखं केलं. मला काही बोलता आलं असतं. दिवसभर थकून आले होते, दुसऱ्यांच्या घरचं भांडण, असं मी स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगत राहिले.

होडीचा मुहूर्त चुकला. आठ दिवसांनी दुसरा मिळाला, होडी पाण्यात गेली, मेस्त्र्यांनी गाऱ्हाणं घातलं. सगळं सुरळीत झालं. तो शब्द तेवढा राहिला. बारावी होताच दिगू गोव्याला गेला आणि म्हापशाजवळ फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात लागला. काकीने ही बातमी सांगितली तेव्हा मेस्त्री रंधा मारत होते. "फायबर? बरा," ते म्हणाले. "हलक्यो आसतत."

त्याच हलक्या होड्यांनी मेस्त्र्यांचं काम संपवलं. चार-पाच वर्षांत नवी लाकडी होडी मागायला कोणी येईना. मग डागडुजी, मग दारं-खिडक्या, मग चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटव्या. या सगळ्याबद्दल मी त्यांच्या तोंडून तक्रार ऐकली नाही. दिगू चवथीला येत नव्हता त्याबद्दलही नाही. कोकणातला माणूस वर्षभर कुठेही मरो, चवथीला घरी येतो. दिगू तीन तासांवर होता आणि येत नव्हता. दोनदा आईला भेटून गेला, तोही बाप कामाला परगावी गेल्याचं बघून. वाडीतल्या घराघरांतून मेस्त्री गाऱ्हाणं घालत फिरायचे, सगळ्यांचे चाकरमानी सुखरूप पोचवायचे, आणि स्वतःच्या घरी आले की थोडक्यात आटपायचे.

२००६ च्या सुमारास एक दिवस ते पोस्टात माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"बाय, त्यो गेमच्यो पेट्यो खंय गेल्यो?"

"खंयच्यो?"

"स्टँडासमोरच्यो. तीन होत्यो."

ते दुकान बंद पडून मोबाइलचं दुकान झालं होतं. "माका काय म्हायत, मेस्त्रीनू? भंगारात गेल्यो असतीत."

"भिंतीकडची माका होयी," ते म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, वय झालं. पण त्यानंतर दोन महिने दर आठवड्याला हा माणूस एस्टीने कुठे ना कुठे जायचा. सावंतवाडी, कणकवली, आणि शेवटी तळेरे. तिथे तिठ्यावर एका भंगारवाल्याच्या आवारात, जुन्या फ्रिजांच्या मागे ती पेटी सापडली. कुशीला वाकसाची खूण होती, म्हणून ओळखली. भंगारवाला नवं घर बांधत होता. मेस्त्र्यांनी तिथेच चार दिवस राहून त्याला फणसाच्या लाकडाची चौकट करून दिली आणि बदल्यात पेटी मागून घेतली. तो भंगारवाला अजूनही तळेऱ्यात सांगत असेल, एक वेडा सुतार आला होता म्हणून.

टेम्पो वाडीच्या तोंडापर्यंतच येतो. पुढची पाणंद अरुंद. चार होडीवाल्यांनी पेटी बांबूला बांधून खांद्यावर घेतली आणि सवयीने होडी उचलताना घालतात तशी आरोळी घातली. मेस्त्री पुढे चालत होते, फांद्या बाजूला करत. मी दारात उभी होते.

"कित्याक हाडलात ह्या, मेस्त्रीनू?" कशाला आणलंत हे.

"लाकूड बरा आसा."

लाकूड कसलं, फुगलेलं प्लाय ते. खालची फळी वाळवीने खाल्लेली, आत झुरळं, पालीची अंडी आणि कुणाचं तरी फाटकं तिकीट. मी तसं म्हटलं. मेस्त्री आतल्या काळोखात बघत म्हणाले, "दिगू हिच्यात काय बघी होतो, ता माका एकदा बघूचा आसा."

पुढची दोन वर्षं त्या पेटीने सगळ्यांना दमवलं. लाकडाचं काम मेस्त्र्यांचं, विजेचं काम विजूचं. विजू कणकवलीचा टीव्ही दुरुस्त करणारा, पस्तिशीचा, चिडका, पण हाताला गुण असलेला. रविवारी यायचा, पेटी उघडायचा, डोक्याला हात लावायचा. खाऱ्या हवेने बोर्डाच्या सांध्यांवर हिरवा थर चढलेला, तो ब्रशने घासून काढेपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यात चढायचा. पडद्याची काच, म्हणजे पिक्चर ट्यूब, मेलेली. नवी ट्यूब मुंबईहून पार्सलने मागवली. ती माझ्याच काउंटरवर आली आणि हलवल्यावर आतून खळखळली. दुसरी यायला चार महिने गेले. विजू दर रविवारी म्हणायचा, "मेस्त्रीनू, नवो टीव्ही घेवा आणि गप बसा." मेस्त्री गप्पच असायचे.

खालची फळी त्यांनी फणसाची घातली. मागचं दार आईनाचं. फक्त कुशीची एक फळी, जिला वाकसाची खूण होती, ती बदलली नाही. विजू म्हणाला, तासून वर सनमायका मारूया, कळणारसुद्धा नाही. "नको," मेस्त्री म्हणाले. "तो घाव माझो. रव्हांदे."

या दोन वर्षांत दर महिन्या-दीड महिन्याने ते खिडकीशी यायचे आणि एक पोस्टकार्ड घ्यायचे. लिहायला मी. पहिल्या खेपेला मी पेन सरसावून बसले. इतक्या वर्षांनी बाप मुलाला लिहितो आहे, मनात म्हटलं, आता बांध फुटणार.

"लिही. पेटी हाडलंय."

"आणि?"

"आणि काय नाय."

"खुशाली तरी लिवया."

"खुशाली आवशीन लिवची." आईने लिहायची. "माझा एवढाच."

एवढंच गेलं. मग एकेक कार्ड. "खालची फळी बदललंय." "विजू म्हणता ट्यूब गेली." "ट्यूब इली, ती फुटान इली." मी एकदा चिडून म्हटलं, "मेस्त्रीनू, चार अक्षरां मायेची लिवलात तर शाई सरात काय? माफी मागूक काय झाला तुमका?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं. रांगेत तीन माणसं होती. मग हळू म्हणाले, "चार माणसांत बोललेलो शब्द कार्डार मागे घेवक येणा नाय, बाय. चार माणसांतच घेवक होयो." आणि कार्ड टपालपेटीत टाकून गेले. मला पटलं, आणि म्हणून जास्तच राग आला. कारण हा माणूस चार माणसांत स्वतःचं काही बोलेल, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

कार्डांना उत्तर येत नव्हतं. टपाल मी स्वतः बघत होते, मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसरी ट्यूब बसली तो रविवार मला नीट आठवतो. दुपारची वेळ, अर्धी वाडी मांगरात जमलेली. विजूने बटण दाबलं, पडद्यावर आधी पांढरी रेघ, मग निळा समुद्र दिसला. एक विमान समुद्रावरून उडत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विजूने दांडा हलवला, बटण दाबलं, विमानातून गोळ्या सुटल्या आणि खालची एक होडी फुटली. मग दुसरी. मग तिसरी.

मेस्त्री पुढे झाले. "ह्या काय?"

"ह्योच खेळ, मेस्त्रीनू. खालच्यो होड्यो बुडवच्यो."

मेस्त्र्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन वर्षं खपून त्यांनी होड्या बुडवायचं यंत्र तयार केलं होतं. "एक होडी बांधूक दोन म्हयने लागतत," ते म्हणाले. एवढं बोलून होत नाही तोच पेटीच्या आतून तळल्यासारखा वास आला, आणि पडदा विझून वरच्या कडेतून धूर निघाला.

विजूने तार उपटली आणि मागचं दार उघडायला गेला. उघडेना. शेवटी पहारीने उचकटलं तेव्हा कळलं की मेस्त्र्यांनी पेटीचा सांधा न् सांधा कापसाच्या दोऱ्याने भरून वर राळ मारली आहे. मूळच्या पेटीला मागे जाळीच्या खिडक्या होत्या, त्याही फळ्या ठोकून बंद. आतून उंडीच्या तेलाचे दोन हात. पेटी समुद्रात सोडली असती तर गोव्यापर्यंत तरंगत गेली असती.

"मेस्त्रीनू," विजू जवळजवळ रडकुंडीला आला होता, "ही होडी न्हय. हिका वारो होयो. फटी कित्याक बुजवलात?"

"फट म्हणजे पाणी," मेस्त्री म्हणाले. पण त्या वाक्यात जोर नव्हता.

लोक हसत पांगले. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी चहा घेऊन दारात बसले तर मेस्त्री गिरमिट घेऊन पेटीच्या मागे मांडी घालून बसलेले. स्वतःच्या हातच्या आईनाच्या दाराला भोकं पाडत होते. आयुष्यात पहिल्यांदा, काहीतरी आत यावं म्हणून. एक भोक पाडायचे, त्यात बोट घालून बघायचे, थांबायचे, जणू आता पाणी येईल. दुपार झाली तरी उठले नाहीत. काकी जेवायला बोलावून कंटाळली. मला त्या दिवशी त्यांचा सगळा राग विसरायला झाला. भोकं एका ओळीत, दोन-दोन बोटांच्या अंतराने, मोजून घेतल्यासारखी होती.

त्या आठवड्यात दोन कार्डं गेली. "धूर इलो." आणि "भोकां पाडलंय."

पंधरा दिवसांनी माझ्या काउंटरवर म्हापशाचा शिक्का असलेलं एक लहान पार्सल आलं. नाव भिवा मेस्त्र्यांचं. मी नियम मोडून ते स्वतः घरी घेऊन गेले, एस्टीत मांडीवर ठेवून. मेस्त्र्यांनी सुतळी सोडली, न कापता, गाठी काढून. आत चिठ्ठी नव्हती. तळहाताएवढा एक पंखा होता, यंत्राच्या आत बसवतात तसा, आणि त्याचे चार स्क्रू. काकी डोळ्यांना पदर लावून आत गेली. मेस्त्र्यांनी पंखा भोकांवर धरून बघितला. भोकांच्या ओळीवर तो बरोबर बसला.

"लिही," मला म्हणाले. "पंखो बसलो. चवथीक ये."

२००८ च्या चवथीच्या आदल्या दिवशी दिगू आला. सव्विसाचा, दाढी वाढलेली, फायबरच्या कामाने हातांच्या बोटांवर पांढरे चट्टे. बाप ओसरीवर माटवी बांधत होता. दोघे एकमेकांकडे बघून मान हलवल्यासारखं करून मोकळे झाले. दिगू मांगरात गेला. मी मागच्या दारातून बघत होते, उगाच कशाला लपवू. त्याने पेटीभोवती फेरी मारली, थेट बापासारखी. कुशीच्या खुणेवरून हात फिरवला.

"ह्या बुजवक नाय?"

"नाय," मेस्त्री दारातून म्हणाले.

दिगू मागे गेला, वाकून बघितलं. "भोकां बरी पाडलात, बाबा."

मेस्त्र्यांनी कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानावर ठेवली, हे मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. वाडीतली पंचवीस-तीस माणसं ओसरीवर दाटली होती. मेस्त्री हात जोडून उभे राहिले आणि गाऱ्हाणं सुरू झालं. सगळ्यांचं सगळं देवाच्या कानावर घातलं. आजाऱ्यांना उठव, समुद्रात गेलेल्यांना परत आण, पोरांना बुद्धी दे. "व्हय महाराजा." मी काकीचा हात धरून ठेवला होता. आता, मनात म्हटलं. हीच ती चार माणसं.

"आणि रे महाराजा," मेस्त्री म्हणाले, "ह्या घरात, दहा वर्सांमागे..."

थांबले. ओठ मिटले, जसे खिळे धरताना मिटायचे. दिगू जळत्या कापराकडे बघत होता.

"...ह्या घरात जा काय आसा, ता तुका म्हायत आसा. ता सांभाळ रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. दिगूही ओठांतल्या ओठांत म्हणाला असेल.

मला इतका थकवा आला की आरतीला उभं राहवेना. दोन वर्षं, इतकी कार्डं, फुटलेली ट्यूब, तो पंखा, आणि हातात काय, तर तुला माहीत आहे. देवाला माहीत असून काय उपयोग, ज्याला माहीत व्हायला हवं तो मागे उभा होता. काकी मोदक वाढताना म्हणाली, "बघलंस? परत तोंडात खिळे."

संध्याकाळी दिगू पेटीवर बसला. बाप शेजारी पाटावर. मी प्रसाद द्यायला गेले होते. दिगूची बोटं अजून तितकीच चपळ होती, होड्या पटापट फुटत होत्या.

"होड्यो सोड रे," मेस्त्री म्हणाले.

"सोडल्यो तर पुढे जावक गावणा नाय, बाबा."

"पुढे जावचा कित्याक?"

दिगू हसला. तो आल्यापासून पहिल्यांदा. मग बापाला दांडा दिला. मेस्त्र्यांनी एकही गोळी न झाडता विमान होड्यांच्या वरून जपून नेलं, आणि थोड्याच वेळात आपटलं. "सध्या रव्हांदे," ते म्हणाले.

मेस्त्री २०१० च्या पावसाळ्यात गेले. तोवर माझी बदली कणकवलीला झाली होती, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दिगूने सगळं केलं, चवथ तो २००८ पासून चुकवत नव्हता. पेटी मांगरात आहे म्हणतात, मी बघायला गेले नाही. माझ्या डोळ्यांपुढे मेस्त्री येतात ते त्या मांगरातले नव्हेत, ओसरीवर हात जोडलेलेही नव्हेत. दीड दिवसाचा गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी सकाळी दिगू परत निघाला, त्या वेळचे येतात.

मी पोस्टात निघाले होते, आम्ही तिघे एकाच एस्टीने मालवणला उतरलो. गोव्याची गाडी लागलेलीच होती. चवथीची गर्दी, टपावर बोचकी, खिडक्यांतून हात. जुन्या गेमच्या दुकानासमोरच, जिथे आता मोबाइल विकत होते. दिगूला खिडकीशी जागा मिळाली. बापाने पिशवी खिडकीतून आत दिली, त्यात काकीचं खाजं होतं. दिगू म्हणाला, "जावा तुमी, बाबा." मेस्त्री हलले नाहीत. ते मोबाइलच्या दुकानाकडे बघत होते.

कंडक्टर दारात चढला आणि घंटीच्या दोरीला हात घातला.

"ओ कंडक्टरानू," मेस्त्र्यांनी हाक मारली. गाऱ्हाण्याच्या आवाजात. अख्खं स्टँड वळलं. वडे तळणारासुद्धा झारा वर धरून थांबला.

"काय ओ?"

"ह्यो खिडकीकडे बसलो तो माझो झील."

कंडक्टर पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. मेस्त्र्यांनी पुढचं काही ठरवलेलंच नव्हतं. "बरा, मगे?" तो म्हणाला.

"मगे..." मेस्त्री अडले. "गाडयेत निजता तो. इन्सुली इली काय उठय तेका. थयसून पुढे म्हापशाक उतरूचा आसा."

गाडीत हशा पिकला. सव्विसाचा दाढीवाला बाप्या, आणि त्याला म्हणे उठव. कोणीतरी आतून विचारलं, "मेस्त्रीनू, ल्हान आसा काय हो अजून तुमचो झील?"

"माझो झील आसा," मेस्त्री पुन्हा म्हणाले, तितक्याच मोठ्याने.

दिगूचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, तो खिडकी लावून घेईल. त्याने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं, खाली बापाकडे बघितलं, आणि हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत म्हणाला,

"व्हय महाराजा."

घंटी वाजली. गाडी वळली आणि बाजाराच्या रस्त्याला लागली. मेस्त्र्यांनी हात वगैरे हलवला नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, मग पंच्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले.

"झाला, बाय," ते म्हणाले. "चल, तुका उशीर होता."